मदत हवी आहे: कोठ्याच्या भिंतीत गांधीलमाश्या, वर कुटार

नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. घर जुनं, मातीचं, मागे कवेलूचा कोठा. पोळ्यानंतर कोठ्याच्या चौकटीवर एक भोक दिसलं, बोट जाईल एवढं. खाली बारीक मातीचा सडा. वाटलं उंदीर असेल. दोन दिवसांनी पाहतो तर गांधीलमाश्या! एकेक जण तोंडात मातीचा कण धरून बाहेर येते, टाकते, परत आत. अंगानं मोठ्या, तांबूस-तपकिरी, पोटावर पिवळा पट्टा. दुपारी ढोरांच्या टाक्यावर पाणी प्यायला नुसती गर्दी.

वर माळ्यावर कुटार (ढोरांचा सुका चारा) भरलंय. शेजारचे काका म्हणतात, "रातच्याले टेंभा लाव अन् दे जाळून, काई नाई होत." त्यांचं काही होत नाही, कुटार माझं आहे.

कपाशीवरच्या फवारणीचं औषध अर्धी बाटली उरलंय, ते भोकात मारू का? पण खाली म्हैस आणि दोन गाई. शिवाय २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन किती माणसं गेली ते पाहिलंय, बंद जागेत ती बाटली उघडायची हिंमत होत नाही. की सरळ सिमेंटनं भोक बुजवू?

परवा शेण काढताना आईला मनगटावर दोन डसल्या. लोखंड घासलं, चुना लावला. थोड्या वेळानं अंगभर गांधी उठल्या, ओठ जड वाटतात म्हणाली. मेडिकलमधून खाजेची गोळी आणली, रात्रीपर्यंत उतरलं. आता बरी आहे.

वळचणीला एक छोटं, छत्रीसारखं पोळं पण आहे. तेही काढावं का?

प्रतिसाद:

दादा, भिंतीचं मागून बघू, आधी आईचं. मनगटाला डसून मनगट सुजलं असतं तर मी काही बोललो नसतो. अंगभर गांधी आणि ओठ जड, ही अ‍ॅलर्जी आहे. पुढच्या वेळी श्वास अडकू शकतो, बीपी एकदम पडू शकतो. तिथे चुना आणि खाजेची गोळी कामाची नाही, अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. मधमाशीचा काटा अंगात तुटून राहतो, गांधीलमाशीचा नाही, त्यामुळे एकच माशी चारदा डसू शकते. आईंना आत्ताच डॉक्टरांना दाखवा, पुन्हा डसलं तर काय करायचं ते विचारून ठेवा. तसं काही झालंच तर वाट न बघता १०८. आणि पोळं जाईपर्यंत त्यांना कोठ्यात पाठवू नका.

भोक बुजवायचं नाही. आतल्या माश्या माती कोरून दुसरीकडून वाट काढतात, ती घराच्या आत निघाली तर मग बघायलाच नको. टेंभा नको, शेतीचं औषधही नको. आमच्याकडे असंच झालं तेव्हा तालुक्याहून पेस्ट कंट्रोलवाला बोलावला. आधी ढोरं बाहेर, गव्हाण रिकामी. अंधार पडून सगळ्या आत गेल्यावर त्यानं भोकात पावडर फुंकली. टॉर्चला लाल कागद बांधला होता, लाल उजेड त्यांना जवळपास दिसत नाही. तीन दिवस एकही ये-जा दिसली नाही तेव्हा भोक लिंपलं.

वळचणीच्या छत्रीला एरवी हात लावू नका म्हटलं असतं. त्या माश्या अळ्या टिपून पिल्लांना भरवतात, शेतकऱ्याच्या फायद्याच्याच. पण आईचं असं असताना तीही त्याच माणसाकडून काढून घ्या.

धागाकर्ता:

आभारी आहे भाऊ. गोळीनं उतरलं म्हणून मी ते शेवटी सहज लिहिलं होतं. आईला वाचून दाखवलं, तर म्हणते, "माशी चावली म्हून दवाखान्यात जाते का कोनी?" उद्या सकाळीच नेतो, बाजाराला चाललो असं सांगून. ढोरं आजपासून कडुनिंबाखाली बांधलीत. दारव्हा-दिग्रस भागात असं काम करणारा कोणी माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप करा, लवकर. दूध सध्या मी काढतोय आणि म्हशीला माझा हात चालत नाही.