मियाटा विकून बॉक्स्टर घ्यावी का?

प्रश्न: मुक्काम न्यू जर्सी. दारात माझ्दाची मियाटा, छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार, मॅन्युअल, तांबडी. तक्रार एकच: मी सहा फुटी, गुडघे स्टिअरिंगला घासतात. आता 2008 ची पोर्शे बॉक्स्टर मनात भरलीये. इंजिन मधे, त्यामुळे पुढे-मागे दोन्हीकडे डिकी! बायको म्हणते, जुनी पोर्शे म्हणजे पांढरा हत्ती. खरंय का?

उत्तर १: वहिनींचं ऐका, निदान 2008 पुरतं तरी. त्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं, म्हणजे आतल्या एका मधल्या फिरत्या दांड्याचं, बेअरिंग असतं. सहसा टिकतं, पण गेलं तर धातूचा चुरा तेलाबरोबर सगळीकडे फिरतो आणि इंजिन बाद. 2008 च्या गाडीतलं बेअरिंग आकाराने मोठं, म्हणून बदलायचं तर अख्खं इंजिन उघडावं लागतं. 2009 मॉडेलपासून तो शाफ्टच काढून टाकला. चार पैसे जास्त मोजा, पण तीच घ्या.

उत्तर २: आणि विकणाऱ्याच्या मेकॅनिककडे तपासणी नको. आपला माणूस न्या. ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या पसरायच्या, बोट फिरवायचं. चमचमणारे कण दिसले की नमस्कार करून निघायचं. पुढच्या बंपरच्या जाळ्यांतून टॉर्च मारा, रेडिएटरपुढे पाचोळा साचून कुजतो.

उत्तर ३: माझं उलट मत. मियाटा जेमतेम हजार-अकराशे किलोची. ती मजा बॉक्स्टरमध्ये नाही. सीट खाली घेणारे ब्रॅकेट बसवा की!

प्रश्नकर्ता: ब्रॅकेट बसवून झाले, गुडघे ऐकत नाहीत. पेनसिल्व्हेनियात 2009 ची एक आहे. शनिवारी टॉर्च घेऊन निघतोय.