फेलोशिप: डीएमनंतरची आणि इतर

वर एकांनी विचारलंय, "एमबीबीएस करून हॉस्पिटलात दोन वर्षं फेलोशिप केली की हृदयरोगतज्ज्ञ होता येतं ना?" नाही हो. आपल्याकडे एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, एमडी 3, मग नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा देऊन डीएम किंवा डीआरएनबी कार्डिऑलॉजी (हृदयरोगातलं सुपरस्पेशालिटी शिक्षण) आणखी 3. एफएनबी इंटरव्हेन्शनल कार्डिऑलॉजी (नळी घालून हृदयावर उपचार करण्याची) ही 2 वर्षांची फेलोशिप त्याच्याही नंतरची. काही हॉस्पिटलं आपापली सर्टिफिकेटं देतात, पण ती डीएमच्या जागी चालत नाहीत. जाहिरातीत एफएनबी आणि ही सर्टिफिकेटं, दोन्हींना फेलोशिपच म्हणतात, तिथे गल्लत होते.

मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे. नवीन डॉक्टर आला की पहिले काही आठवडे शिशाचा जड एप्रन घालून सरांच्या शेजारी नुसता उभा. काम काय, तर कॅथेटर (शरीरात घालायची बारीक नळी) हेपरिन सलाइनने, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध घातलेल्या सलाइनने, फ्लश करणं आणि त्यात हवेचा बुडबुडा राहू न देणं. किरकोळ वाटतं, पण तो बुडबुडा कोरोनरीत, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत, गेला तर पेशंट टेबलावरच बिघडतो. मग मनगटातून रेडियल पंक्चर. दोनदा सुई चुकली की धमनी आकसते, नाडी लागेनाशी होते आणि पोराच्या कपाळावर एसीतही घाम. वायर दोन बोटांत हलकेच फिरवत पुढे न्यायची असते. जोर लावला की सर ओरडलेच!

म्हणून मुलाला पाठवण्याआधी दोनच गोष्टी विचारा: कोर्सला एनएमसी (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) किंवा एनबीईएमएसची (राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळ) मान्यता आहे का, आणि केस स्वतःच्या हाताने करायला मिळतात का. स्टायपेंडचं नंतर बघा.