मेनफ्रेमवर पोर्ट करताना प्रोसेसरचा वेग: आकडा द्यायचा की 'उपलब्ध नाही' म्हणायचं?

एन्डियन_पीडित:
एक्स८६ (साध्या पीसी-सर्व्हरच्या प्रोसेसर) लिनक्सवरचं एक मॉनिटरिंग साधन आयबीएम झेड मेनफ्रेमच्या लिनक्सवर, म्हणजे एस३९०एक्सवर नेतोय. बाइटक्रमाचा (आकड्यातले बाइट मेमरीत उलट क्रमाने ठेवण्याचा) घोळ होणार हे माहीतच होतं, तो निस्तरला. अडलंय एका किरकोळ फंक्शनपाशी. प्रोसेसरची माहिती देणारी सीपीयूइन्फो फाइल वाचायची, 'सीपीयू मेगाहर्ट्झ' ही ओळ शोधायची, आकडा परत द्यायचा, एवढंच ते करतं. एस३९०एक्सवर या नावाची ओळच नाही. जुन्या कर्नलवर नुसते बोगोमिप्स (वेगाचा ढोबळ, नावापुरता आकडा) दिसतात, नव्यावर मेगाहर्ट्झच्याच 'डायनॅमिक' आणि 'स्टॅटिक' अशा दोन वेगळ्या ओळी.

माझं मत: हे फंक्शन इथे 'उपलब्ध नाही' असंच म्हणू दे. दिलेला आकडा खरा असला तरी वाचणारा त्यातून चुकीचाच अर्थ काढणार.

कर्नलकिडा:
असहमत. कर्नल ईकॅग या प्रोसेसरच्या सूचनेने मशीनलाच वेग विचारतो आणि मशीनने सांगितलं तर छापतो. तुमचा पार्सर नेमकी ओळ शोधतो म्हणून सापडत नाही. त्यात आर्किटेक्चरचा काय दोष? चार ओळींचा कोड आहे, लिहा. स्टॅटिक हा नाममात्र वेग, डायनॅमिक हा आत्ताचा. मशीन माहिती देत नसेल तेव्हा खुशाल 'उपलब्ध नाही' म्हणा.

लोखंडी_डबा:
किडेसाहेब, आकडा मिळेल हो, पण त्याचं करायचं काय? झेडईसी१२ हे मेनफ्रेम (२०१२) ५.५ गिगाहर्ट्झवर चालायचं. त्यानंतरचं झेड१३ (२०१५) ५ वर. घड्याळाचा वेग उतरला, तरी एका कोअरची क्षमता सरासरी दहाएक टक्क्यांनी वाढली. तुमच्या साधनात दोन्ही मशीन शेजारी दाखवा, ग्राहक म्हणेल नवं मशीन हळू आहे, पैसे परत द्या.

आणि सब-कपॅसिटी मॉडेलचं काय? चिप तीच, घड्याळ तेच, फक्त सीपीला (सर्वसाधारण प्रोसेसरला) मुद्दाम कमी काम करू दिलं जातं, कारण ग्राहकाने तेवढ्याच क्षमतेचे पैसे भरलेत. मेगाहर्ट्झमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

कर्नलकिडा:
सब-कपॅसिटीचा मुद्दा इथे गैरलागू. लिनक्स बहुतेक ठिकाणी आयएफएलवर (लिनक्ससाठी राखलेल्या प्रोसेसरवर) चालतं आणि आयएफएल नेहमी पूर्ण क्षमतेनेच चालतो. पिढ्यापिढ्यांतल्या फरकाचं म्हणाल तर तो एक्स८६वरही आहेच. तिथे कोणी मेगाहर्ट्झची ओळ काढून टाकली का?

एन्डियन_पीडित:
आयएफएलचं मान्य. पण तो अख्खा आपल्या वाट्याला येतो कुठे? एलपारला (मशीनच्या आपल्या हिश्श्याला) किती वेळ मिळणार त्याचं वजन लावलेलं असतं, खाली झेड/व्हीएम (आभासी मशीन चालवणारी प्रणाली) असेल तर आणखी वाटणी, झेड१३ पासून आयएफएलवर एसएमटीही (एका कोअरवर दोन थ्रेड) आलं. ५ गिगाहर्ट्झ दाखवायचे आणि स्टील टाइम (आपल्याला हवा असताना प्रोसेसर दुसऱ्याकडे गेलेला वेळ) चाळीस टक्के असायचा, हे मला पटत नाही.

कर्नलकिडा:
मग स्टील टाइमही दाखवा. वेग लपवून तो कमी होणार आहे का?

वेळकाढू:
मुळात फंक्शनला कोण हाक मारतंय ते आधी शोधा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा हा आकडा टाइमस्टॅम्प काउंटरचे (एक्स८६ प्रोसेसरमधल्या ठोके मोजणाऱ्या गणकाचे) ठोके सेकंदात बदलायला वापरलेला असतो. मेनफ्रेमवर त्याची गरजच नाही. एसटीसीके सूचना टीओडी घड्याळ (मशीनचं तारीख-वेळ सांगणारं घड्याळ) वाचते, त्याचा ५१ वा बिट (डावीकडून, ० पासून मोजून) दर मायक्रोसेकंदाला एकने वाढतो. वाचलेली किंमत १२ बिट उजवीकडे सरकवा, १ जानेवारी १९०० पासूनचे मायक्रोसेकंद हातात. प्रोसेसर कुठल्याही पिढीचा असो. वारंवार वाचायचं असेल तर एसटीसीकेएफ ही तिची वेगवान बहीण घ्या. एसटीसीके दर वेळी वेगळी किंमत देण्याची हमी पाळते, त्यात वेळ जातो.

प्रोसेसरची खरी सायकल मोजायची असेल तर परफ हे लिनक्सचं साधन आहे, पण एलपारला हार्डवेअर काउंटरची परवानगी दिलेली असावी लागते. ती मिळवणं हा तांत्रिक प्रश्न नाही, ऑफिसात कागदी फायली फिरवण्याचा आहे.

लोखंडी_डबा:
+१. आणि बोगोमिप्सच्या नादी लागू नका. एस३९०च्या कर्नलमध्ये तो मोजलेला नसतोच. मशीनची माहिती देणाऱ्या एसटीएसआय सूचनेतून 'केपेबिलिटी' आकडा येतो, तो जितका लहान तितकी क्षमता जास्त, म्हणून कर्नल एक कोटीला त्याने भागतो. फारच जुन्या मशीनवर ती माहिती मिळाली नाही तर सरळ ४२ छापतो! कोडमध्ये तसंच लिहिलंय. यावर कोणी बेंचमार्क बेतला असेल तर धन्य.

सर्व्हिसयुनिट_ताई:
सगळे लिनक्सवरच अडकलात. झेड/ओएसवर (मेनफ्रेमच्या स्वतःच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर) सीपीयूइन्फो नाही, आणि तिथे कोणी मेगाहर्ट्झ विचारतही नाही. मेमरीतल्या सीव्हीटी या सिस्टिमच्या मुख्य तक्त्यापासून आरएमसीटी ब्लॉकपर्यंत जा, त्यातलं आरएमसीटीएडीजेसी (थोडक्यात एडीजेसी) हे फील्ड वाचा, १,६०,००,००० ला त्याने भागा; एका प्रोसेसरचे सेकंदाला किती सर्व्हिस युनिट (झेड/ओएसचं काम मोजायचं एकक) ते मिळतं. सब-कपॅसिटी त्यात धरलेली असते. एलपारमध्ये सीपी वाढवले की हा आकडा प्रत्येकामागे थोडा उतरतो, कारण समन्वयाचा खर्च वाढतो. मेगाहर्ट्झला हे कधीच जमणार नाही. क्षमता कोणाला हवी असेल तर ती अशी द्या.

कर्नलकिडा:
ताई, आकडा उत्तम, पण फंक्शनचं नाव 'मेगाहर्ट्झ' आहे. त्यातून सर्व्हिस युनिट परत केलेत तर पुढचा पोर्ट करणारा तुम्हाला शोधत येईल.

सर्व्हिसयुनिट_ताई:
त्यातून नकोच. क्षमतेचं वेगळं फंक्शन करा, झेड/ओएसवर एडीजेसी, लिनक्सवर सिसइन्फो फाइलमधली केपेबिलिटी. एककही सोबत परत द्या, म्हणजे दोन्ही आकडे कोणी एकमेकांत मिसळणार नाही.

एन्डियन_पीडित:
वेळकाढूंच्या सांगण्यावरून शोधलं. तीन ठिकाणाहून हाक आहे: दोन ठिकाणी टाइमस्टॅम्पची आकडेमोड, एक पडद्यावर दाखवायला. पहिल्या दोन्ही एसटीसीकेएफवर नेतोय. पडद्यावर 'उपलब्ध नाही' राहील, ताईंचं फंक्शन पुढच्या आवृत्तीत.

कर्नलकिडा:
पडद्यावर तरी स्टॅटिक आकडा टाका की! उपलब्ध असताना 'उपलब्ध नाही' लिहिणं म्हणजे सरळ खोटं आहे. पॅच मी पाठवतो, नाकारायचा तर कारण लिहून नाकारा.