बहात्तर साल: दुष्काळाचं की नव्या महाराष्ट्राचं?

आडवाट
आमच्या घरात जुन्या माणसांचं वय बहात्तरवरून, म्हणजे १९७२ च्या दुष्काळावरून काढतात. "दुष्काळात धाकटी रांगत होती," असं आजी म्हणाली की पुढचा हिशेब ज्याचा त्याने करायचा. शाळेत मात्र १ मे १९६० पाठ करून घेतला, त्यानंतर एकदम किल्लारीचा भूकंप. मधलं बहात्तर गायब.

माझं म्हणणं असं की महाराष्ट्र साठ साली नकाशावर आला, पण आज आपण ज्याला महाराष्ट्र म्हणतो तो १९७२ मध्ये घडला. मार्चमध्ये विधानसभेच्या २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला मिळाल्या, म्हणजे विरोधक नावापुरते. आणि त्याच वर्षात सरकारला जाब विचारणारे चहूकडून उभे राहिले. मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांची दलित पँथर. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाला ढाल्यांनी 'साधना'त 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहून राष्ट्रध्वजाच्या अवमानाची शिक्षा आणि दलित बाईच्या अब्रूची किंमत शेजारी शेजारी मांडली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर बायकांना घेऊन लाटणी-थाळ्या वाजवत महागाईविरुद्ध रस्त्यावर. शहाद्यात अंबरसिंग महाराजांसोबत भिल्ल शेतमजूर गेलेल्या जमिनी परत मागत होते. १६ डिसेंबरला पुण्यात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग. आणि या सगळ्याच्या खाली भेगाळलेली जमीन.

सत्तेपुढे हात न जोडता हिशेब मागायची सवय या वर्षी लागली. पटतंय का?

कोरडवाहू
नाही पटत. लेखन चांगलं आहे, पण भरल्या पोटाचं आहे.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. बाप तेव्हा चौदा वर्षांचा, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला. अमेरिकेतून आलेली लाल मिलो, तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाल्ली की पोट डब्ब. दुपारी सुकडी वाटायचे, ती पोरं फडक्यात बांधून घरी न्यायची. त्या कामावर घाशीराम कुणाला माहीत होता, की पँथर? कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही एका कॅलेंडरची पानं चाळून चार गोष्टी एका दोऱ्यात ओवल्यात. एका साली घडलं म्हणजे एकमेकांमुळे घडलं का?

निवांत
पुण्याच्या पेठेत दुष्काळ वर्तमानपत्रातच होता हे कबूल करतो. घाशीरामवरून मात्र घराघरात भांडणं होती.

तळटीप
कोरडवाहूंशी सहमत, कारण वेगळं. एका वर्षाला श्रेय द्यायची ही हौसच मला कळत नाही.

रोजगार हमी योजना घ्या, मागेल त्याला सरकारने काम द्यायचं ती. ती वि. स. पागे यांच्या डोक्यातली, आणि १९६५ सालीच तासगाव तालुक्यात प्रयोग झाला होता. बहात्तरला राज्यभर जाहीर झाली हे खरं, पण दुष्काळात जी कामं निघाली त्यांचा पैसा टंचाई निवारणाचा होता, हमी योजना तेवढ्या काळापुरती बाजूलाच पडली. खर्चासाठी व्यवसाय कर आला १९७५ ला, कायदा मंजूर झाला १९७७ मध्ये आणि लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. यात बहात्तर कुठे बसवणार?

पँथरचंही तेच. अस्पृश्यतेवरचा एलायापेरुमल समितीचा अहवाल १९७० मध्ये संसदेपुढे आला, पुढे सरकार हललं नाही. त्या चिडीत बावड्यात दलितांवर घातलेला बहिष्कार आणि ब्राह्मणगावच्या दलित बायकांची विटंबना यांची भर पडली. या दोन घटना बहात्तरच्या, पण लाकडं आधीच वाळलेली होती. बहात्तरला श्रेय देणं म्हणजे लग्न जमवल्याचा मान मंगलाष्टकं म्हणणाऱ्याला.

आडवाट
मंगलाष्टकांचं आवडलं. पण लग्न लागतं ते तेव्हाच ना!

पाग्यांचा कागद १९६५ पासून होता, मान्य. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांनी एवढी माणसं हजेरीपटावर घेऊन, माप घेऊन पगार वाटून पाहिला. 'मागेल त्याला काम' हे कागदावरचं वाक्य राज्याला झेपतं, हे तेव्हा कळलं. तो अनुभव नसता तर १९७७ चा कायदा सभागृहात हसण्यावारी गेला असता, असं माझं मत. आणि तो नसता तर २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा कशाच्या आधारावर उभा राहिला असता? पैशाचं खातं कुठलं, यावर इतकं अडू नका.

लाटणं
दोन दिवस वाचतेय. ५० लाख 'माणसं' म्हणताय, त्यात बायका किती होत्या याचा कुणी विचार केला? माझी आत्या सोलापूरकडे मुरमाची घमेली वाहायची. तान्हं पोर झाडाला झोळी बांधून. हजेरीपटावर नाव लागलं ते तिच्या आयुष्यातलं पहिलं लिहिलेलं नाव, असं ती सांगायची. नवऱ्याच्या नावापुढे नाही, वेगळ्या ओळीत.

आता तुम्हा सगळ्यांकडून राहिलेली गोष्ट. २६ मार्च १९७२, देसाईगंज पोलीस ठाणे, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. मथुरा प्रकरण. मथुरा नावाची आदिवासी मुलगी, बलात्काराचा आरोप दोन पोलिसांवर. सत्र न्यायालयाने सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, मग देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला.

आडवाट, तुमच्या यादीत घाशीरामची तारीखसुद्धा आहे, ही नाही. आणि तळटीप, बहात्तरमध्ये ही एका ठाण्यातली नोंद होती, कुणाला तिचं मोल नव्हतं. म्हणून वर्षाचा हिशेब त्याच वर्षात बसून करता येत नाही.

आडवाट
हे राहिलं. कारण सांगत बसत नाही.

हातपंप
तुमच्या वादात पाणी कुठेच नाही, बहात्तर म्हणून!

जुनी माणसं सांगतात, बहात्तरला धान्य नव्हतं पण आडात प्यायला पाणी होतं. आता दुकानात धान्य आहे आणि पाणी टँकरने. माझ्या मते बहात्तरचा खरा वारसा हा आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा त्याच वर्षी स्थापन झाली, पुढे गावोगाव बोअर घेणारी यंत्रं फिरली. पिण्यासाठी सुरू झालेलं भोक उसाकडे कधी वळलं कळलं नाही. दोनशे फुटांवरून हजारावर गेलो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं.

उलट विलासराव साळुंखे. पुण्यातले कारखानदार, बहात्तरला पुरंदर तालुक्यात दुष्काळी कामं बघितली आणि तिथेच गुंतले. नायगावला पाणी पंचायत काढली. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं, माणशी अर्धा एकर, भूमिहीनालाही वाटा, ऊस बंद. बहात्तरमधून दोन धडे निघाले, आपण सोपा तो घेतला. यात 'नवा महाराष्ट्र घडला' म्हणून आनंद कसला मानायचा?

निवांत
ऊस बंद म्हटल्यावर पुढारी कुठून येणार होते.

कोरडवाहू
काल बापाला हा सगळा धागा वाचून दाखवला. मिलोचं ऐकून हसला, घाशीरामचं त्याला काही नव्हतं. पँथरचा भाग मात्र परत वाचायला लावला.

मग म्हणाला, आपल्या तलावावर पाण्याचे दोन रांजण होते. आपला लिंबाखाली, महारवाड्यातल्या लोकांचा पलीकडे उन्हात. खडी एकच, मुकादम एकच, सुकडीची रांग मात्र दोन. एका दुपारी त्यांच्यातला एक पोरगा आपल्या रांजणाला तांब्या लावून प्यायला आणि मुकादमाने आठ दिवस त्याची हजेरी मांडली नाही. नंतर तो मुंबईला गेला, परत आला नाही. बापाच्याच वयाचा होता.

वर मी 'कुणालाच ठाऊक नव्हतं' असं लिहिलंय. ते तेवढं मागे घेतो. बाकी घाशीरामबद्दलचं राहू द्या.