१४ घरांची वाडी आणि पावसाळी ओढा: कोणतं टर्बाइन घ्यावं?

सह्यवाडी:
घाटमाथ्यावरची वाडी, १४ घरं. महावितरणची लाइन आहे, पण पावसाळ्यात झाडं पडली की चार-चार दिवस अंधार. ढगांमुळे सोलर दिव्यांची बॅटरी भरत नाही. वरच्या अंगाला ओढा आहे, डिसेंबरपर्यंत वाहतो. वर्गणी काढायला सगळे तयार आहेत. किती किलोवॅटचं टर्बाइन घ्यावं?

पाणलोट:
यंत्राचं नंतर बघू, आधी दोन मापं घ्या. उंचीसाठी गवंड्याची लेव्हलची नळी (पारदर्शक नळी, तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहतं) पुरते. पाणी भरताना आत बुडबुडा राहू देऊ नका, आणि पाणी जिथून घ्यायचं तिथून यंत्राच्या जागेपर्यंत टप्प्याटप्प्याने उतरत या. प्रवाहासाठी मातीच्या पोत्यांचा बांध घाला, सगळं पाणी एका पाइपातून २०० लिटरच्या ड्रममध्ये सोडा आणि तो भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजा. हे माप जुलैत नको, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात घ्या. जुलैच्या पाण्यावर घेतलेलं यंत्र दसऱ्यानंतर उपाशी राहतं.

मीटरमधली उंची गुणिले सेकंदाला लिटर गुणिले ५ म्हणजे हाती येणारे वॅट. यंत्रात आणि पाइपात जाणारी निम्मी शक्ती त्यात धरलेली आहे.

सह्यवाडी:
मोजलं. उंची १८ मीटर, ड्रम २५ सेकंदांत भरतो. पाइप १२० मीटर लागेल. ७५ मि.मी.चा पीव्हीसी स्वस्त पडतोय, चालेल का?

पाणलोट:
नाही चालणार. सेकंदाला ८ लिटर पाणी ७५ मि.मी.मधून नेलं तर घर्षणातच साडेसहा मीटर उंची जाईल, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त वीज पाइपातच संपली. ११० मि.मी.ला हीच घट जेमतेम एक मीटर. ६ किलो दाबाचा घ्या आणि जमिनीत गाडा, उघड्यावरचा पीव्हीसी उन्हाने ठिसूळ होतो. खालचा व्हॉल्व्ह सावकाश फिरणारा हवा. झटक्यात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह लावलात तर पाण्याच्या धक्क्याने सांधे निखळतात.

१८ × ८ × ५ = ७२० वॅट. आकडा लहान वाटेल, पण हे चोवीस तास चालतं. दिवसाला १७ युनिट होतात.

खरी मेहनत पाण्याच्या तोंडाशी आहे. ओढ्याच्या मधोमध काही बांधू नका, पहिल्या मोठ्या पुरात दगडगोटे ते घेऊन जातील. काठाने पाणी घ्या, पुढे तिरकी जाळी, मग २ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर खोल गाळकुंडी आणि तिच्या तळाला गाळ सोडायचा व्हॉल्व्ह. पाइपाचं तोंड पाण्याखाली किमान ४५ सेंटिमीटर. त्याहून वर असलं की भोवरा होऊन हवा ओढली जाते आणि दिवे लुकलुकतात. पानगळीत जाळी दिवसातून दोनदा साफ करावी लागते. हे काम कोणाचं आणि त्याला महिन्याला काय द्यायचं, हे यंत्राच्या आधी ठरवा. १४ घरांचे महिन्याला ६० रुपये धरले तर ८४० होतात. त्यातले निम्मे जाळीवाल्याला आणि उरलेले सील-बेअरिंगसाठी बाजूला, असं करता येईल.

आर्मेचर:
एवढ्या शक्तीला वेगळं टर्बाइन घेण्यापेक्षा सेंट्रिफ्युगल पंप उलटा चालवणं सर्वात सोपं (पाण्याने पंप फिरतो आणि त्याची मोटर वीज बनवते), त्याचे सुटे भाग तालुक्यालाच मिळतात. मात्र १८ मीटर हेडचा (तेवढ्या उंचीवर पाणी चढवणारा) पंप मागू नका. उलटा चालताना त्याला सव्वा ते पावणेदोन पट उंची लागते, म्हणून १२ मीटरच्या आसपासचा बघा. इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक) चावीवर, म्हणजे खाचेतल्या धातूच्या पट्टीवर, बसवलेला हवा, आट्यांचा असेल तर उलट्या फिरण्याने सुटतो. मोटर २ एचपी, थ्री फेज, तिला कपॅसिटर जोडून सिंगल फेज काढता येतं. ही जोडणी माहीतगार वायंडरकडूनच (मोटर भरणाऱ्याकडून) करून घ्या.

लोड कंट्रोलरशिवाय (यंत्रावरचा भार सारखा ठेवणारं उपकरण) चालू करू नका. रात्री दिवे बंद झाले की यंत्र मोकाट सुटतं, व्होल्टेज चढतं आणि उरलेले बल्ब उडतात. कंट्रोलर उरलेली वीज पाण्याच्या ड्रममधल्या कॉइलला देतो. ड्रम रिकामा राहिला तर कॉइल जळते, तेवढं रोज बघा.

तारजोड:
एक कळकळीची विनंती. ही वीज महावितरणच्या वायरिंगला कधीच जोडू नका. लाइन बंद समजून खांबावर चढलेला वायरमन तुमच्या ७२० वॅटने मरू शकतो. दिव्यांचं वायरिंग पूर्ण वेगळं ठेवा. यंत्र ते घरं ४०० मीटर धरलं तर १० चौ.मि.मी. ॲल्युमिनियम केबल, ३ अँपिअरला घट ७-८ व्होल्ट. प्रत्येक घरात अर्ध्या अँपिअरचा एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच) लावा, म्हणजे इस्त्री लावली की फक्त तेच घर बंद पडेल.

रानवाट:
ओढा वनजमिनीत असेल तर वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा, गावाच्या कोणत्या सुविधांसाठी वनजमीन मिळू शकते त्याची यादी तिथे आहे. अपारंपरिक ऊर्जा त्या यादीत आहे: १ हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस. पण सुविधा शासनाच्या व्यवस्थापनाखालची हवी, म्हणून ग्रामपंचायतीला सुरुवातीपासून सोबत घ्या. नंदुरबारच्या बिलगावात २००३ मध्ये लोकांनी श्रमदानाने १५ किलोवॅटचा असाच प्रकल्प उभा केला होता. २००६ मध्ये तो सरदार सरोवराच्या पाण्यात गेला. काम जमतं, हे त्याने दाखवून दिलं होतं.

सह्यवाडी:
सर्वांचे आभार. ओढा आटल्यावर यंत्राचं काय करायचं?

आर्मेचर:
पाइप रिकामा करा आणि पंप-मोटर काढून कोरड्या घरात ठेवा. जूनमध्ये फिरूनही व्होल्टेज आलं नाही तर मोटर बिघडली असं समजू नका. पडून राहिल्याने तिच्यातलं उरलंसुरलं चुंबकत्व गेलेलं असतं. यंत्र थांबवा, लोड (दिव्यांची जोडणी) सोडवा, १२ व्होल्टची बॅटरी मोटरच्या वाइंडिंगच्या (तारेच्या वेटोळ्याच्या) दोन टोकांना क्षणभर टेकवा आणि पुन्हा पाणी सोडा.