लिनक्सवर लेझर प्रिंटर: ड्रायव्हर शोधायचा की ड्रायव्हर न लागणाराच घ्यायचा?

मूळ धागा

मामांच्या डेबियन लिनक्सवर गेल्या आठवड्यात नवा लेझर प्रिंटर बसवला. वाय-फायला जोडला, ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचं ६३१ नंबरचं पोर्ट उघडलं, कप्सच्या (लिनक्समधली छपाई सांभाळणारी व्यवस्था) यादीत तो आपणहून दिसला. मॉडेल म्हणून 'आयपीपी एव्हरीव्हेअर' निवडलं (आयपीपी म्हणजे नेटवर्कवरून छापायची सामाईक पद्धत, तिला वेगळा ड्रायव्हर लागत नाही) आणि टेस्ट पेज बाहेर. सीडी नाही, डाउनलोड नाही.

माझं मत असं, की दुकानात मिनिटाला किती पानं हे विचारण्याआधी प्रिंटरला कुठली भाषा कळते ते विचारा. पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल किंवा एअरप्रिंट असेल तरच घ्या. 'होस्ट-बेस्ड' स्वस्त प्रिंटरला यातलं काही कळत नाही. पानाचं चित्र संगणकाने तयार करायचं, तेही कंपनीच्याच सांकेतिक स्वरूपात. कप्स ३.० मध्ये पीपीडी (प्रिंटरची माहिती देणाऱ्या फाइली) आणि जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर निघणार आहेत. मला ते योग्य वाटतं.

प्रतिसाद १

नवा घेणाऱ्याला हे ठीक. आमच्या शाळेच्या ऑफिसात बारा वर्षांचा लेझर आहे, होस्ट-बेस्डच. त्याच्यात फर्मवेअर, म्हणजे त्याचा आतला प्रोग्राम, टिकत नाही. वीज गेली की पुसलं जातं आणि परत चालू केल्यावर संगणकाने ते यूएसबीवरून पुन्हा पाठवायचं. आमच्याकडे वीज दिवसातून दोनदा तरी जाते.

उबंटूवर बसवताना माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. रांगेत काम 'प्रोसेसिंग' दिसायचं, पान काही येईना. शेवटी लॉग वाचत बसलो तेव्हा कळलं, ड्रायव्हर होता पण फर्मवेअरची फाइलच जागेवर नव्हती. ती ठेवली, प्रिंटर बंद-चालू केला. आतला रोलर घरघरला आणि शाळा सोडल्याचा दाखला बाहेर आला, 'ज्ञानेश्वर'मधल्या 'ज्ञ'सकट अगदी स्वच्छ.

टोनर तालुक्याला भरून मिळतो. हे यंत्र भंगारात घाला असं मी मुख्याध्यापकांना कोणत्या तोंडाने सांगू? जुने ड्रायव्हर काढणं योग्य म्हणताना आमच्यासारख्यांचा हिशोब धरला का?

धागाकर्ता

सर, तुमच्या दोन संध्याकाळी हाच माझा मुद्दा आहे. तुमच्या मॉडेलसाठी कुणीतरी खपून मुक्त ड्रायव्हर लिहिला म्हणून निभावलं. अनेक मॉडेलांना कंपनीचा बंद ड्रायव्हर आहे आणि तो फक्त इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी. उद्या ऑफिसात राझबेरी पाय (वेगळ्या, एआरएम प्रोसेसरचा छोटा संगणक) आणला तर तो तिथे चालणारच नाही. १९८० च्या आसपास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरचा सोर्स कोड मिळाला नाही, म्हणून पुढे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन चिडले होते. दुखणं तेव्हापासूनचं आहे.

प्रतिसाद २

दोघांनाही एक सांगते. कप्समधून ड्रायव्हर निघाले तरी जुने प्रिंटर लगेच बाद होत नाहीत. 'प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन' नावाचा छोटा प्रोग्राम मधे बसतो. कप्सशी आयपीपीत बोलतो आणि मागे तोच जुना ड्रायव्हर चालवतो. लिनक्सवरच्या छपाईसाठी काम करणाऱ्या ओपनप्रिंटिंग गटाने असे बरेच तयार केले आहेत.

तरी माझं मत सरांच्या बाजूने. हे घरी बसवायला मला जमलं, कारण टर्मिनल रोजचं आहे. शाळेच्या क्लार्कला ते करायला लावणं अन्यायाचं आहे.

प्रतिसाद १

आभार ताई. शनिवारी अर्धी शाळा असते, तेव्हा बसवून बघतो. फक्त वीज जाऊन आल्यावर फर्मवेअर तो प्रोग्राम पाठवतो, की माझा जुना यूडेव्हचा नियम (प्रिंटर चालू झाला की फर्मवेअर आपोआप पाठवणारा) तसाच ठेवायचा, तेवढं सांगा.