सेकंडहँड पिकअपचं गिअर ऑइल बदलायचंय, की जुनंच राहू द्यावं?

पहाटेची_पिकअप (इंदूर)
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर एक जुनी डिझेल पिकअप घेतली, 2015 चं मॉडेल, पाच गिअर, मीटरवर 1,38,000 किमी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच जाईल. आमचं केटरिंगचं काम आहे, पातेली, शेगड्या, टाक्या सगळं हिच्यातूनच जातं. तर प्रॉब्लेम असा की पहाटे साडेचारला भाजी आणायला निघालं की पहिल्यातून दुसरा गिअर पडतच नाही, जोर लावला तर कर्रर्र आवाज येतो, आणि चोइथराम मंडीला पोचेपर्यंत आपोआप ठीक होतं, दुपारी तर एका बोटाने पडतो. विकणारा म्हणाला गिअर ऑइल लाइफटाइम असतं, हात लावू नका. ओळखीचा मिस्त्री म्हणतो जुन्या गाडीचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो. छोटी ग्वालटोलीतला दुकानदार म्हणतो 90 नंबर टाका, कुठलंही चालतं. मी कोणाचं ऐकू? पुढच्या महिन्यात लग्नांच्या 11 तारखा घेतल्यात, ऐन वेळी गाडी रस्त्यात उभी राहिली तर मांडवात पंगत खोळंबेल, त्याचीच धास्ती आहे. घरी स्वतः करण्यासारखं काम आहे का हे?

ग्रीसवाले_काका
बेटा, आधी क्लच बघ, मग ऑइल. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघ. बंद असताना सहज पडतात आणि चालू केल्यावर जागेवर उभ्या गाडीत पहिला-रिव्हर्स अडतो, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, मग ऑइल बदलून काही होणार नाही. तुझं लक्षण मात्र थंडीत अडतो, गरम झाल्यावर सुटतो असं आहे, म्हणजे ऑइलवरच संशय जास्त. जुनं, घाण झालेलं किंवा आधीच्या मालकाने चुकीच्या ग्रेडचं टाकलेलं असेल.

"बदललं की गिअरबॉक्स बसतो" हे मी 30 वर्षं ऐकत आलोय. खरं असं होतं की गिअरबॉक्स आवाज करायला लागल्यावरच लोक ऑइल बदलायला येतात, तोवर बेअरिंग गेलेली असते, आणि नाव नवीन ऑइलचं होतं.

आता मुख्य गोष्ट. डब्यावर 80W-90 च्या बाजूला जीएल-4 की जीएल-5 (म्हणजे ऑइलचा दर्जा) लिहिलेलं असतं ते वाच, दुकानदार ते बघत नाही. मागच्या क्राउनमध्ये, म्हणजे मागच्या चाकांच्या मधल्या गिअरच्या डब्यात, पिनियनचे दात नुसते फिरत नाहीत, दाबाखाली एकमेकांवर घसटतात, म्हणून तिथे जीएल-5 लागतं, त्यात सल्फर-फॉस्फरसची मात्रा जास्त. तेच गिअरबॉक्समध्ये गेलं की गरम झाल्यावर पितळेच्या सिंक्रो रिंगला (गिअर बदलताना वेग जुळवणारं कडं) खाऊ शकतं. शिवाय रिंगने गिअरच्या निमुळत्या भागाला (कोनला) पकडून दोघांचा वेग एक केला तरच गिअर बिनआवाज पडतो, ऑइल फार निसरडं असेल तर ती पकडच मिळत नाही. गाडीचं पुस्तक काढ, त्यात जे लिहिलंय तेच टाक, बहुतेक जीएल-4 असेल. पण पुस्तक म्हणेल ते अंतिम, माझं नाही.

घाट_उतार
काकांनी सांगितलं ते सगळं बरोबर, पण एक गोष्ट राहिली आणि ती सगळ्यात आधी यायला पाहिजे. वरचा फिलर नट आधी उघडा, खालचा ड्रेन नट नंतर. मी उलटं केलं होतं. खालून सगळं ऑइल काढलं, मग वरचा नट काही केल्या सुटेना, गंजलेला, साधा पाना घसरून त्याच्या कडा गोल झाल्या. गिअरबॉक्स रिकामा, गाडी अंगणात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खंडव्याला माल पोचवायचा होता. शेवटी वेल्डरला बोलावून त्या नटावर दुसरा नट जोडून काढला. त्या दिवशीचं भाडं गेलं, गिऱ्हाईकही गेलं. म्हणून सांगतो, आदल्या रात्री नटावर गंज सोडवायचा स्प्रे मारा, सहा कडांचा बॉक्स पाना वापरा, आणि फिलर सुटल्याशिवाय खाली हातच लावू नका.

आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, घोड्या (गाडीखाली ठेवायचे लोखंडी स्टँड) लावायच्याच. जमलं तर गाडी सपाट ठेवूनच करा, कारण भरताना फिलरच्या भोकातून ऑइल ओघळायला लागलं की लेव्हल झाली असं धरायचं असतं, गाडी तिरकी असेल तर ते चुकतं.

लॅबवाली_ताई
90 आकड्याबद्दल थोडं लिहिते, कारण लोक त्याला घाबरतात. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. 100 अंशाला गिअरचं 90 हे साधारण इंजिनच्या 40-50 इतकंच घट्ट असतं. तुम्हाला अडचण येते ती थंड असताना, आणि थंडीत ऑइल किती वाहतं ते W च्या आधीचा आकडा सांगतो, जितका लहान तितकं थंडीत पातळ. आपल्याकडे माळव्यात पौषातली पहाट चांगलीच गार असते, त्यामुळे पुस्तकात 75W ला परवानगी असेल तर तेच घ्या, फरक पहाटेच जाणवेल.

काढलेलं ऑइल मात्र कृपा करून नालीत किंवा झाडाच्या बुडाशी ओतू नका. 2016 च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल धोकादायक कचऱ्यात येतं. बंद कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या. स्वच्छतेत पहिला नंबर आपण रस्ते झाडून मिळवला, तो जमिनीखालच्या पाण्यालाही मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

पहाटेची_पिकअप (इंदूर)
सगळ्यांचे आभार, रविवारी केलं. क्लचची टेस्ट पास झाली. गाडी 10 किमी फिरवून आणली, ऑइल कोमट असताना काढलं, फिलर आधी उघडला (दादा, तुमच्यामुळे). ऑइल काळंकुट्ट आणि जळका वास, पण दुधाळ नव्हतं. ड्रेन नटच्या मॅग्नेटवर काळसर राखाडी लेप होता आणि ऑइलमध्ये उन्हात थोडी सोनेरी चमक दिसली. हे काय?

ग्रीसवाले_काका
लेप बोटाने चोळून बघ. मऊ, ग्रीससारखा असेल तर तो वर्षानुवर्षांचा लोखंडाचा बारीक भुसा, चिंता नको. टोचणारे कपचे किंवा दाताचा तुकडा असता तर गाडी चालवू नको म्हणालो असतो. सोनेरी चमक पितळेची, म्हणजे दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग थोडी झिजलीये. दुधाळ नाही म्हणजे पाणी शिरलेलं नाही. तांब्याचं वॉशर नवं टाकलंस ना?

पहाटेची_पिकअप (इंदूर)
लेप मऊच आहे, वॉशर नवं टाकलं. पुस्तकात जीएल-4 75W-90 किंवा 80W-90 दोन्ही लिहिलंय, 75W-90 शोधायला अख्खी सकाळ गेली पण मिळालं. आज पहाटे दुसरा गिअर पहिल्या दोन वेळा किंचित अडला, कर्रर्र मात्र नाही, तिसऱ्यांदा सरळ पडला. तारखा संपल्या की क्राउनचं ऑइलही बदलणार आहे, त्याचाही फिलर आत्तापासूनच स्प्रे मारून ठेवलाय.